पाऊस मोजून झाला, मेल निघेना: पर्जन्यमापकाची पुढची नोंद

परड्यातला पर्जन्यमापक आता शहाण्यासारखा चालतोय. आतलं छोटं भांडं भरलं की उलटतं, काँप्युटर मोजतो, आकडे जुळतात. राहिला होता तो सकाळी साडेआठचा मेल. (हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ धरतं, म्हणून वेळ तीच ठेवली.) वाचणारे कोण, तर चंदगडचे मामा, निपाणीचा एक मित्र आणि बेळगावातले दोघे-तिघे. एवढ्याशा कामाला अर्धा पावसाळा खर्ची पडला.

मशीन जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि पोस्टफिक्स (मेल पाठवणारा प्रोग्राम). पहिला बेत असा की मेल थेट समोरच्याच्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांकडून मेल घेतात त्या दारावर, द्यायचा. लॉगमध्ये दरवेळी एकच ओळ: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. ही ओळ नीट वाचावी. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर पलीकडून निदान नकार तरी पोचला. ‘टाइम्ड आउट’ आलं की बहुतेक वेळा पॅकेट वाटेतच कुणीतरी गिळलेलं असतं. मग नेटकॅट (पोर्टला जोडून बघायचं साधन) लावून एकाच सर्व्हरचे दोन पोर्ट तपासले. ५८७ वर (लॉगिन करून मेल द्यायचं दार) लगेच ‘२२०’ने सुरू होणारी, म्हणजे ‘तयार आहे’ सांगणारी ओळ आली, २५ वर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. म्हणजे अडवणूक घरात नाही, नेटवाल्यांकडे.

व्हायरस लागलेल्या पीसींवरून स्पॅम सुटू नये म्हणून घरगुती जोडण्यांवर बाहेर जाणारा २५ बंद ठेवण्याची पद्धत जगभर आहे, त्यामुळे राग नाही. तरी फोन करून बघितला. पलीकडचा म्हणाला, ‘नेट बरतैतल्ल सर, मत्तेन बेकु?’ नेट येतंय की, अजून काय पाहिजे! यावर काय बोलणार?

२५ उघडून मिळाला असता तरी पुढे अडलंच असतं. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे नेटवाल्यांनी राउटरला दिलेला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटणाऱ्या व्यवस्थेच्या मागे आहात. हा पट्टा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवला. बाहेरचा एकच आयपी कितीतरी घरांत वाटलेला असतो, त्याचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नसतो, आणि स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या यादीत, असे घरगुती पट्टेच्या पट्टे असतात. माझं मत सांगतो, भांडायला मोकळे आहात: घरच्या लाइनवरून थेट पाठवायचा हट्ट सोडा. मेल घरी तयार करा, रांगेत ठेवा, बाहेर मात्र रिलेमार्फत, म्हणजे आपला मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत सोडा.

रिलेला जीमेल घेतलं. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टचं नाव चौकोनी कंसात लिहायचं, नाहीतर तो त्या नावाचा एमएक्स (मेल घेणाऱ्या सर्व्हरची डीएनएस नोंद) शोधत बसतो. डेबियनवर ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ आलं तर पासवर्डला दोष देऊ नका, सासलचं (लॉगिन करून देणाऱ्या लायब्ररीचं) मॉड्यूल पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं. लॉगिन नाकारल्याचा ‘५३५’ आला तर मात्र पासवर्डच. नेहमीचा पासवर्ड गूगलने ३० मे २०२२ पासून असल्या कामाला बंद केलाय. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यायचा.

यानंतर मेल जाऊ लागला, पण दिवे गेले की गडबड. एकदा मामा म्हणाले, मेल आलाच नाही. आला होता, इनबॉक्सच्या तळाशी, दीड वर्षापूर्वीच्या तारखेने! मेलवरची तारीख पाठवणारं मशीन घालतं आणि आमच्या मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी सीआर२०३२ बॅटरी संपलेली, म्हणून दिवे गेले की घड्याळ मागे जायचं. ३ व्होल्टची ती, मल्टिमीटरवर २ सुद्धा दाखवेना. पुढे टीएलएसची (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची) पातळी ‘सिक्युअर’ केल्यावर, म्हणजे समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायला लावल्यावर, हाच रोग वेगळ्या रूपात दिसला: सर्टिफिकेट ‘नॉट येट व्हॅलिड’. मशीन भूतकाळात, त्याच्या दृष्टीने सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचं! खडेबाजारातून बॅटरी आणून बसवली, नेटवरून वेळ जुळवणारा क्रोनी टाकला, आणि वेळ जुळल्याशिवाय मेलची स्क्रिप्ट सुरूच होऊ नये अशी अट घातली.

सगळ्यात मजा आली ती विषयाच्या ओळीत. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहायचं होतं. निपाणीच्या मित्राकडे ‘खानापूर’मधलं ‘खानापू’पर्यंत ठीक, पुढे काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं. झालं काय, तर हेडरमध्ये (मेलच्या वरच्या, विषय-तारखेच्या ओळींत) देवनागरी सरळ न घालता बेस६४ करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदलून, तुकड्यांत घालतात, आणि एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा. वेष्टणाची १२ गेली, उरली ६३, बेस६४ चारच्या पटीत म्हणून ६०. बेस६४च्या चार चिन्हांत तीन बाइट बसतात, म्हणजे ४५ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं किंवा कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, तेव्हा तुकड्यात फक्त १५ चिन्हं. काना, उकार, वेलांटी सगळे वेगळे मोजायचे: ‘खानापूर’ दिसायला चार अक्षरं, पण चिन्हं सात, बाइट २१. नेटवरून उचललेली शेलची ओळ बाइट मोजून कुठेही कापत होती, आणि काप नेमका ‘र’च्या मधोमध पडला होता. पायथनचं ईमेल मॉड्यूल अक्षर न तोडता कापतं. ते लावल्यावर दोन्ही लिप्या अखंड पोचल्या.

पोस्टफिक्स जड आहे, एमएसएमटीपी (मेल पाठवायचा दुसरा, छोटा प्रोग्राम) हलका, असं काहीजण म्हणतात. खरं आहे. पण एमएसएमटीपी स्वतः रांग ठेवत नाही. पोस्टफिक्स अडलेला मेल मूळ सेटिंगवर ५ दिवस धरून पुन्हापुन्हा पाठवून बघतो. आमच्या खानापूर भागात झाड पडून लाइन तुटली की नेट कधी येईल याचा भरवसा नसतो. परवा तसंच झालं, आणि नेट आल्यावर साठलेले मेल एका दमात निघाले. मामांचा लगेच फोन: एकदम इतका पाऊस कसा रे पडला?