बहिष्कार नेमका कोणावर?

एखाद्या कंपनीचा मालक किंवा तिच्या जाहिरातीतला नट काही अपमानास्पद बोलला, की त्या मालावर बहिष्कार टाकण्याचे संदेश आमच्या दापोलीच्या गटांवरही त्याच दिवशी फिरू लागतात. अशा बहिष्काराला मी निरर्थक मानत नाही. आपला पैसा कोणाच्या हाती जावा हे ठरवणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि ज्याने आपल्याला हीन लेखले त्याचा साबण घरात न आणण्यात काहीच गैर नाही. मात्र मालक आणि जाहिरातीतला चेहरा यांत फरक करायला हवा, आणि तो सहसा केला जात नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान देशातील असहिष्णुतेविषयी बोलले, तेव्हा ते ज्या स्नॅपडीलची जाहिरात करत होते तिचे अ‍ॅप अनेकांनी फोनवरून काढून टाकले. ते वक्तव्य व्यक्तिगत असून आपला त्याच्याशी संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. पुढच्या वर्षी तिने त्यांच्याशी केलेल्या कराराचे नूतनीकरण केले नाही. ते मत चुकीचे होते असे मानले, तरी त्याचा प्रतिवाद यातून झाला नाही. नटाने सार्वजनिक प्रश्नांवर तोंड उघडू नये, एवढाच धडा जाहिरातदारांनी घेतला असावा.

मालक स्वतः बोलतो तेव्हा गोष्ट वेगळी असते, कारण धोरण बदलणे त्याच्या हातात असते. इटलीतील बारिला या पास्ता कंपनीचे अध्यक्ष गिदो बारिला यांनी २०१३ मध्ये आपण जाहिरातीत समलिंगी कुटुंब दाखवणार नाही असे सांगितले, त्यावर बहिष्काराची हाक दिली गेली, त्यांनी माफी मागितली आणि त्याच वर्षी कंपनीने या विषयावर सल्ला देणारे मंडळ नेमले. याउलट २०२० मध्ये अमेरिकेतील गोया या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रमुखाने ट्रम्प यांची स्तुती केली, तेव्हा विरोधकांनी माल टाळला, समर्थकांनी मुद्दाम जास्त घेतला आणि विक्री घटण्याऐवजी काही आठवडे वाढून पूर्ववत झाली. प्रमुखाने आता नेमके काय करावे, याची ठोस मागणी त्या बहिष्कारामागे नव्हती.

मागणी ठोस असेल तर माणसे किती सोसू शकतात, हे कोकणाने पाहिले आहे. अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन शेते पडीक ठेवली. त्याच काळात, १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तो ग्राहकांचा बहिष्कार नव्हता, पण नकार कोणाला द्यायचा आणि त्या बदल्यात काय हवे आहे, हे त्या कुळांना पक्के ठाऊक होते.

आजच्या बहिष्काराचा पहिला फटका मात्र अनेकदा बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराला बसतो. वितरकाकडून उचललेल्या पेट्यांचे पैसे त्याने दिलेले असतात किंवा द्यायचे असतात, आणि फळीवर पडून राहिलेला माल परत घेतला जाईल याची खात्री नसते. त्याच्याशी शांतपणे बोलून पुढची मागणी नोंदवू नका असे सांगणे मला योग्य वाटते. तो माल ठेवतो म्हणून त्याच्या दुकानाची पायरी चढू नका असे सांगणे अन्यायाचे वाटते.

ही सीमा आपल्याकडे विशेष जपायला हवी, कारण गावकीने घराला वाळीत टाकायचे, त्यांना पाणी, दुकान, लग्नकार्य बंद करायचे, हे रायगड-रत्नागिरीत अलीकडेपर्यंत घडत आले आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवली. एका कंपनीच्या मालकाविरुद्ध सुरू झालेला संदेश दोन-चार दिवसांत ‘त्यांच्या’ जातीच्या, ‘त्यांच्या’ धर्माच्या दुकानांवर घसरतो, तेव्हा मालकाचे वक्तव्य मागे पडते आणि वाळीत टाकण्याचीच जुनी रीत नव्याने सुरू होते. असा संदेश आला की मी गटावर सर्वांसमोर विरोध नोंदवते, आणि ज्या दुकानाचे नाव त्यात असेल तिथूनच त्या आठवड्याचा बाजार आणते.