तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्म भरायच्या आधी कॉलेज बघून यायचं का?

जून-जुलै आला की कुणाचा तरी फोन येतोच, दादा, तुम्ही पोराच्या वेळी इंजिनीअरिंगची कॉलेजं बघून आला होतात ना, मग आम्ही पण जाऊन यावं का?

मी आधी विचारतो पर्सेंटाइल किती आणि मागच्या वर्षीचा कटऑफ किती. जिथे नंबर लागणारच नाही तिथे लातूरहून पुण्याला जायचं म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर, दोघांचं ट्रॅव्हल्सचं भाडं, वर पावसाचे दिवस. त्यापेक्षा पुण्याच्या सीओईपी कॉलेजचा बोट क्लब मोबाइलवर बघा की. फी घरबसल्या कळते, एनबीए म्हणजे दर्जाची मान्यता आहे का तेही कळतं (ते कॉलेजला नाही, एकेका ब्रँचला मिळतं, हे मलाही उशिरा समजलं).

आम्ही पहिल्यांदा पुण्याला एका कॉलेजात गेलो तो नेमका रविवार, वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात परत गेलो तर ॲडमिशनवाल्या सरांनी एसी सेमिनार हॉल दाखवला, जिम दाखवली, चहा पाजला आणि लॅब बघू म्हटलं तर चावी ज्यांच्याकडे आहे ते जेवायला गेलेत. चार वाजेपर्यंत जेवतच होते बहुतेक.

सांगलीला वालचंद कॉलेजला गेलो तेव्हा शहाणे झालो होतो, वर्किंग डे धरला, ऑफिसात गेलोच नाही, विश्रामबागला टपरीवर सेकंड इयरची दोन पोरं भेटली त्यांनाच चहा पाजला. हॉस्टेल, मेस, कुठल्या ब्रँचच्या पोरांना कुठल्या कंपन्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला बसू देतात, सगळं वीस मिनिटांत निघालं, आणि त्यातलं अर्धं तरी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

म्हणजे जायचं कधी, तर दोन कॉलेजं खरंच हाताशी आहेत आणि फॉर्ममध्ये एक नंबरला कुठलं टाकायचं हेच ठरत नाहीये तेव्हा. कारण ॲडमिशनच्या पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीज, म्हणजे आपोआप पक्की, मग बेटरमेंट (पुढच्या राउंडला बदलून घेणं) वगैरे काही नाही, म्हणून जायचं तर फॉर्म कन्फर्म करायच्या आधी. मुलगी असेल तर हॉस्टेल ते कॉलेज रस्ता संध्याकाळी सातला चालून बघा, दुपारी सगळेच रस्ते बरे दिसतात.

पोराने शेवटी एक नंबरला सांगली टाकली. घरी आल्यावर आईने विचारलं बिल्डिंग कशी आहे रे, तर दोघांनाही धड आठवेना.