पुरळ मावळलं, पण ताप परतला

हरभरा सोंगायला आला होता, त्या दिवसांत माझ्या १४ महिन्यांच्या लेकीला गोवर निघाला. आधी ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लालभडक. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ आलं आणि बघता बघता पायापर्यंत उतरलं. सासूबाईंनी दारात कडुनिंबाचा डहाळा बांधला. "माता आली हाये, सुनबाई. सुई-औषध नोको करू." मी ऐकलं. त्यांचाही जीव लेकरातच अडकलेला.

नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस राहिली होती. तेव्हा मी माहेरी कापूस वेचायला होते. पुढच्या महिन्यात देऊ, पुढच्या महिन्यात देऊ, असं करत राहूनच गेली. ते अजून डाचतं.

पुरळ काळपट पडलं, ताप उतरला, तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. त्याच रात्री अंग पुन्हा भाजायला लागलं. दूध ओढेना. दोन घोट घेई, धाप लागे, सोडून देई. सकाळी आशाताई आल्या. त्यांनी झबलं वर केलं आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजले. ६२! "या वयात ४० किंवा त्याच्या वर गेले की थांबायचं नसते," त्या म्हणाल्या आणि बरगड्यांखाली बोट दाखवलं. दर श्वासाला तिथे खड्डा पडत होता. पोट उडतंय हे मला रात्रीच दिसलं होतं. अर्थ ठाऊक नव्हता.

१०८ ची गाडी आली, यवतमाळला भरती केलं. न्यूमोनिया. गोवरानं अंगातली ताकदच खचते, मग फुप्फुसं धरली जातात. लहान लेकरं गोवरात दगावतात ती बहुतेक यानंच, असं डॉक्टरांनी समजावलं. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईनची सुई. शिवाय 'अ' जीवनसत्त्वाचं औषध, २ लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस. गोवरानं डोळे जाऊ शकतात, म्हणून तेही. तिसऱ्या दिवशी तिनं नळी ओढून भोकाड पसरलं. त्या आवाजानं मला रडू फुटलं.

आता शेजारच्या अडीच वर्षांच्या पोराला गोवर निघालाय. आमच्याकडे बघायला आला होता तो, आम्हीच कोणाला अडवलं नाही. दवाखान्यात दाखवून आणलंय. तरी सकाळ-सांज मी मोबाइल घेऊन त्याच्या उशाशी बसते, तो झोपला की मोजते. काल सांजेला ३४ भरले.