आमचं कोकरू स्वतःला शेळी समजतंय

आमचं सांगोल्याच्या पुढं माळावर पाच एकर हाय, त्यात थोडं डाळिंब, थोडी ज्वारी आणि बाकीच्यात वेडी बाभळ. जनावरं म्हणाल तर अकरा मेंढरं, चार उस्मानाबादी शेळ्या, एक खिलार गाय, आणि कोंबड्या मी मोजत नाही, त्या मुंगूस मोजतं.

दिवाळीत एका मेंढीला जुळं झालं. आमच्या दख्खनी मेंढरांना बहुतेकदा एकच होतं. फलटणच्या नारी (निंबकर कृषी संशोधन) संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जीन आणून जुळी देणारी सुवर्णा जात काढली ते आमच्या मामांना (म्हणजे सासरे) तोंडपाठ, पण आमच्या मेंढीला ते कुणी सांगितलं नव्हतं, ती आपली दोन बघून गोंधळूनच गेली. एकाला चाटलं, पाजलं, दुसरं जवळ आलं की शेपटीखाली हुंगायची आणि डोक्यानं ढकलून द्यायची. मेंढी पिल्लू वासावर ओळखते, एकदा नाही म्हणाली की नाहीच.

आत्यांनी (म्हणजे सासूबाई) मेंढीला दोन पायांत दाबून धरलं आणि त्या कोकराला आधी चीक पाजला, कारण पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर पुढं काय दूध पाजून उपयोग होत नाही. मी मोबाईलची टॉर्च धरून उभी, लग्नाआधी सोलापुरात आठ वर्षं ऑफिसात काढलेली बाई.

मग दुसऱ्या दिवशी आत्यांना आठवलं, काळ्या शेळीचं दोनातलं एक करडू गेल्या आठवड्यात गेलंय, म्हणजे तिला दूध जास्त हाय. तिचंच दूध काढून कोकराच्या डोक्याला, शेपटीला चोळलं आणि दिवसातून चारदा शेळीचा एक पाय धरून पाजलं. शेळी लाथा झाडायची, मी शिव्या द्यायची. आठ दिवस असंच. नवव्या दिवशी धरायच्या आधीच ती उभी राहिली आणि मागं वळून कोकराला हुंगून गप रवंथ करायला लागली, आता काय म्हणावं हिला!

झालं, कोकरू वाचलं, पण आता ते शेळ्यांतच. मेंढरं खाली मान घालून एका ओळीत चरत जातात, हे मात्र करडासोबत बोरीच्या झाडापुढं मागच्या पायांवर उभं राहायला बघतं आणि दर वेळी आडवं पडतं. कुत्रं भुंकलं की मेंढरं एकमेकांत घुसतात, हे शेळीकडं पळतं. रात्री वाडग्यात (जनावरं कोंडायच्या कुंपणात) मेंढरांकडं कोंडलं तर एवढा आरडाओरडा की शेजारचे फोन करून विचारायला लागले, लांडगा आलाय का. मामा म्हणाले सोड तिकडं, झोप तरी लागू दे.

रविवारी सांगोल्याच्या बाजारात एक दलाल म्हणाला मादी हाय, आत्ताच द्या, चांगला पैसा देतो. मामांनी त्याच्याशी रुमालाखाली हात घातला, बोटं दाबली (भाव तसाच गुपचूप बोलतात), आणि तसेच रिकामे घरी आले. का दिलं नाही विचारलं तर म्हणाले भाव जमला नाही. भाव किती होता ते मात्र आजतागायत सांगितलेलं नाही.

गुढीपाडव्याच्या मागंपुढं कातरणीवाला आला. पहिली लोकर, म्हणजे जावळ, सगळ्यात मऊ, पूर्वी त्याच्या घोंगडीला मान होता, आता कातरणीचे पैसेसुद्धा लोकरीतून निघत नाहीत, ते असो. हिला कातरताना शेळ्या लांब उभ्या राहून टकामका बघत होत्या. सुटल्यावर ही पांढरी, बारीक होऊन त्यांच्याकडं धावली तर तिन्ही शेळ्या बिचकून बाजूला. काळीनं फक्त पुढं येऊन शेपटीखाली हुंगलं आणि एक ढुशी दिली, पण रोज देते तेवढीच.