तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात डायबेटिस असलेलं मूल आहे, भीती नाही का वाटत?

शिक्षण परिषदेला गेलं की चहाच्या वेळेला कोणीतरी हमखास विचारतं, मॅडम तुमच्या वर्गात ती इन्सुलिन घेणारी मुलगी आहे ना, तुम्हाला भीती नाही का वाटत, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची. मागच्या वेळी एका नव्याने लागलेल्या सरांनी विचारलं, त्यांच्या दुसरीच्या वर्गात असंच एक मूल आलंय आणि त्यांना खरंच काळजी लागलीये, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

भीती वाटते, का नाही वाटणार. पण त्या भीतीपोटी मूल घरी बसवायचं, नाहीतर त्याच्या आईला रोज शाळेच्या व्हरांड्यात बसवून ठेवायचं, हे मला मान्य नाही. आणि असं करणाऱ्या शाळा आहेत. आईची मजुरी बुडते, मूल वर्गात वेगळं पडतं, आणि शेवटी घरचे म्हणतात राहू दे शाळा. मुलगी असेल तर हे अजून लवकर म्हणतात.

आजार काय ते थोडक्यात सांगते. लहान मुलांना बहुतेक वेळा होतो तो टाइप वन. यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारं द्रव्य, तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते, मग इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, रोज, आयुष्यभर, गोळीने भागत नाही. जास्त गोड खाल्लं म्हणून होत नाही, आईबापाच्या चुकीने होत नाही, एकमेकाला लागत नाही. हे तिन्ही मुद्दे मी पालकसभेत सांगते, कारण तिच्या शेजारी आमच्या मुलाला बसवू नका असं म्हणणारेही भेटलेत.

आता माझं खरं म्हणणं. या मुलांना शाळेत सगळ्यात जास्त त्रास होतो तो परवानगीचा. आपल्याकडे पाणी प्यायचं तर विचारा, लघवीला जायचं तर विचारा, वर्गात खायचं तर नाहीच. आणि शुगर खाली गेलेल्या मुलाला नेमकं हेच जमत नाही, उभं राहून, हात वर करून, बाई माझी शुगर कमी झालीये मला खाऊ द्या असं स्पष्ट सांगणं. मेंदूला साखर कमी पडत असते तेव्हा शब्द सापडत नाहीत, मूल नुसतं बघत बसतं किंवा चिडतं. म्हणून चार गोष्टींना तिला कधीच परवानगी मागावी लागत नाही: खाणं, पाणी, बाथरूम आणि मीटरवर शुगर तपासणं. परीक्षा चालू असो, साहेबांची भेट असो, परिपाठ असो. पहिल्या दिवशी वर्गासमोर सांगून टाकलं आणि विषय संपला. तुमच्याकडून एवढं जरी झालं ना सर, तरी अर्धं काम झालं असं समजा.

शुगर लो झाल्याचं ओळखायचं कसं, तर पुस्तकात लिहिलेलं असतं घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते, चेहरा पांढरा पडतो, ते बरोबरच आहे, पण प्रत्येक मुलाची आपली एक खूण असते आणि ती आईला माहीत असते, आईला विचारा. आमच्या मुलीचं अक्षर बिघडतं. एरवी वळणदार, आणि शुगर उतरायला लागली की ओळ सोडून खाली जायला लागतं, शिरोरेघ वाकडी होते, शब्द अर्धे राहतात. शुद्धलेखनाच्या तासाला हे डोळ्याला लगेच दिसतं. गणिताच्या तासाला येणारा पाढा अडखळतो. आपण शिक्षक लोक अशा वेळी लक्ष कुठे आहे तुझं म्हणून ओरडतो, या मुलांच्या बाबतीत आधी मीटर आणि मग ओरडणं.

मीटरवर ७० (mg/dL) च्या खाली आकडा आला की लो. मग लगेच साखर द्यायची, आणि ती पटकन रक्तात जाणारी, म्हणजे ग्लुकोज पावडर, साखरेचं पाणी, नाहीतर ज्यूसचा छोटा टेट्रापॅक. चॉकलेट नाही. लोक प्रेमाने चॉकलेट काढून देतात पण त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते, आणि बिस्किटालाही वेळ लागतो. मोठ्या माणसाला साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज लागतं, लहान मुलांना किलोमागे ०.३ ग्रॅम असा हिशेब आहे, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम, ३० किलोच्या मुलाला ९. हे तुम्ही वर्गात बसून काढू नका, डॉक्टर चमच्यात लिहून देतात, आमच्या कागदावर ग्लुकोज पावडर दोन चमचे असं लिहिलंय. १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमीच असेल तर परत द्यायचं. आणि आकडा वर आला की जेवण लांब असेल तर पोळीचा तुकडा, केळं, असं काहीतरी. मीटर सापडत नसेल किंवा त्यात घालायची स्ट्रिप संपली असेल तर तपासत बसायचंच नाही, लक्षणं दिसतायत ना, साखर देऊन टाका. एका वेळच्या जास्तीच्या साखरेने लगेच काही बिघडत नाही, लो तसाच राहिला तर फिट येऊ शकते.

एक गोष्ट मी सगळ्यांना हात जोडून सांगते. शुगर लो झालेल्या मुलाला एकट्याने ऑफिसला पाठवू नका. जा बरं, सरांच्या कपाटातून ग्लुकोज घेऊन ये, असं नाही. ते मूल मधल्या पायरीवर पडेल. पुडा तिच्या दप्तरात, एक माझ्या टेबलाच्या खणात, एक खेळाच्या पेटीत, जिथे मूल आहे तिथे साखर न्यायची. आणि शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही म्हणजे काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, घरी फोन. आमच्यावर ही वेळ आलेली नाही आणि येऊ नये म्हणून तर बाकीचं सगळं.

शुगर हाय असली तर एवढी घाई नसते, पण मूल सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं. त्याला अडवायचं नाही. घरी कळवायचं. पोटात दुखतंय, उलट्या होतायत, श्वास जोरात चाललाय असं झालं तर मात्र वाट बघायची नाही, ते किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं, वाढल्याचं असू शकतं आणि तिथे दवाखानाच लागतो. पित्त झालं असेल म्हणून झोपवून ठेवू नका.

आता खिचडी. याबद्दल कोणी विचारत नाही आणि रोजचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो हे आपल्याला पाठच आहे, पण १०० ग्रॅम कच्च्या तांदळात कार्बोहायड्रेट, म्हणजे पोटात गेल्यावर ज्याची साखर होते तो भाग, ७५ ते ८० ग्रॅमच्या आसपास असतात, आणि मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १५. म्हणजे पूर्ण वाढप खाल्लं तर पाच पोळ्या पोटात गेल्या. इन्सुलिनचा डोस ठरतो तो किती कार्ब जाणार त्यावर, आणि मोठी पळी आज भरून पडली उद्या अर्धी पडली की सगळा हिशेब चुकला. मग आम्ही एकच केलं, तिची एक स्टीलची वाटी ठरवली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी स्वतःच्या हाताने ती वाटी वेगळी ठेवली, बरोबर मापून वाढतात, वर उसळ जास्त घालतात. तिच्या आईने एक दिवस ती वाटी घरी नेऊन वजनकाट्यावर मोजली, डॉक्टरांना विचारलं आणि वहीत लिहून ठेवलं, एका वाटीला इन्सुलिनचे एवढे युनिट, दीड वाटीला एवढे. परत खिचडी हवी असेल तर घेते, पण वाटीनेच. बाकीची मुलं खातात तेच खाते, त्यांच्याच पंगतीत बसून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

इंजेक्शन ती स्वतः घेते, पेनने, जेवणाआधी. मी देत नाही. मी फक्त शेजारी उभी राहून पेनवरचा आकडा वहीतल्या आकड्याशी जुळतोय ना ते बघते आणि इन्सुलिन घेतल्यावर ती जेवते ना ते बघते, कारण इन्सुलिन घेतलं आणि कोणी हाक मारली म्हणून खेळायला पळाली तर तो धोकाच. दुसरीतल्या मुलाला स्वतः घेणं जमेलच असं नाही, तिथे कोण देणार हे पालक, डॉक्टर आणि मुख्याध्यापक यांनी बसून ठरवायला हवं, काही ठिकाणी आजी नाहीतर काका तेवढ्या वेळेला येऊन जातात. तपासण्याआधी हात धुवायला लावा, हे छोटं वाटतं पण संक्रांतीला तिळगूळ वाटल्यावर त्याच बोटाने तपासलं तर मीटर भलताच आकडा दाखवतं. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, डबा घरी परत, शाळेच्या कचऱ्यात नाही. आणि वापरातलं पेन उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दप्तरात ठेवू नका, गरमीने इन्सुलिन खराब होतं आणि बाहेरून बघून ते कळतही नाही. आमच्याकडे फ्रीज नाही, ऑफिसातल्या मातीच्या गाडग्यात ओलं फडकं लावून कोरड्या डबीत ठेवतो, चांगलं राहतं.

खेळाचा तास, कवायत, प्रभातफेरी यांच्याआधी तपासायचं. पळापळीने शुगर उतरते, कधी लगेच, कधी रात्री झोपेत, म्हणून क्रीडास्पर्धेच्या दिवशी मी संध्याकाळी तिच्या आईला फोन करून सांगते आज ही किती खेळली. खेळायला नेऊ नका असं मात्र कोणी म्हणू नका. ती खो-खो खेळते आणि चांगली खेळते. सहलीलाही येते, बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर.

मुलांना सांगायचं का हा प्रश्न पालकच जास्त विचारतात. मी आधी तिला विचारलं, मग आईला, दोघी हो म्हणाल्या तेव्हाच सांगितलं. १४ नोव्हेंबरला बालदिन असतो आणि त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण फ्रेडरिक बँटिंगचा तो वाढदिवस, त्या दिवशी परिपाठात गोष्ट सांगितली. की १९२१ च्या आधी या आजाराची मुलं फार दिवस जगायची नाहीत, उपाशी ठेवणं एवढाच उपाय होता, मग टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते नीट लागू पडलं नाही, मग कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने औषध अजून शुद्ध केलं आणि २३ तारखेला परत दिलं, आणि त्याची साखर खाली आली. मुलं एकदम शांत ऐकत होती. नंतर एका मुलाने विचारलं मग तो किती वर्ष जगला, सांगितलं अजून तेरा वर्षं. तेव्हापासून वर्गातली मुलंच माझ्याआधी सांगतात, बाई तिचं बघा, ती बोलत नाहीये.

वाढदिवसाची चॉकलेटं, १५ ऑगस्टचा खाऊ, गणपतीचे मोदक, हे तिला द्यायचं नाही असं नसतं. तिच्या हातातला खाऊ सगळ्यांसमोर काढून घेऊ नका, फार लागतं मुलांना. ती घेते, डबीत ठेवते आणि जेवणाबरोबर इन्सुलिनच्या हिशेबात बसवून खाते.

आता जबाबदारीचं. नियम काय म्हणतात हे कोणी नीट सांगत नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या, म्हणजे २०१६ च्या, २१ प्रकारांच्या यादीत टाइप वन नाही, त्यामुळे त्या वाटेने सवलत मागायला गेलात तर हात हलवत परत याल. पण राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवलंय, की अशा मुलांना वर्गात आणि परीक्षेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधला खाऊ खाऊ द्यावा. सीबीएसईने तर २०१७ मध्येच दहावी बारावीच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायला परवानगी दिली होती. शिष्यवृत्ती परीक्षेला दीड दीड तासाचे दोन पेपर असतात, तेव्हा केंद्रावर आधीच अर्ज आणि डॉक्टरांचं पत्र द्यायचं, त्या दिवशी सकाळी गेटवर वाद घालायची वेळ येऊ द्यायची नाही.

आणि एक कागद हवा. आई, वडील आणि मुख्याध्यापक यांच्या सह्यांचा, डॉक्टरांच्या शिक्क्याचा, मराठीत. त्यावर लो झालं तर काय किती द्यायचं, कोणत्या आकड्याला फोन करायचा, कोणाला करायचा, दवाखाना कुठला. आमचा हा कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, मी रजेवर असले की जे कोणी वर्ग सांभाळतं त्यांना आधी तो वाचायला लावतात. सर, जबाबदारीची भीती या कागदाने बरीच कमी होते, काय करायचं हे लिहिलेलं असलं की आपण घाबरून काहीतरी भलतं करत नाही.

जूनमध्ये ती हायस्कूलला जाईल. तिथे तासातासाला शिक्षक बदलतात, म्हणजे एका बाईंना माहीत असून भागणार नाही, सगळ्यांनाच माहीत पाहिजे, आणि पीटीच्या सरांना सगळ्यात आधी. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तिच्या आईबरोबर मी जाणार आहे, कागदाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, आणि तिथल्या मुख्याध्यापकांकडे स्टाफरूममध्ये अर्धा तास मागितलाय.