खासदारांनी विचारलेले प्रश्न आपण वाचतो का?

आमच्या खानदेशात खासदाराची परीक्षा लग्नसराईत होते. तो कोणाच्या हळदीला आला, कोणाकडे दुःखाच्या प्रसंगी द्वारदर्शनाला गेला आणि कोणत्या गावाला सभामंडप दिला, हे लोकांना तोंडपाठ असते. पण गेल्या अधिवेशनात त्याने कोणत्या मंत्र्याला काय विचारले आणि त्यावर काय उत्तर आले, हे धुळ्याच्या किंवा जळगावच्या चौकात कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. अविश्वास ठराव हे त्या जबाबदारीचे मोठे शस्त्र खरे, पण ते क्वचितच उपसले जाते. रोजच्या कारभारात मंत्र्याला जाब विचारायचा तर तो प्रश्नांतूनच विचारावा लागतो.

हे दुर्लक्ष आपल्याला एकदा फार महागात पडले आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारण्याची तयारी दाखवणारे सदस्य छुप्या कॅमेऱ्यांत टिपले गेल्यानंतर २३ डिसेंबर २००५ रोजी संसदेने ११ सदस्यांना बडतर्फ केले. त्यांपैकी दहा लोकसभेचे होते आणि त्या दहांमधील दोन आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यातले, म्हणजे जळगाव आणि तेव्हाच्या एरंडोल मतदारसंघाचे, होते. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेचा हा अधिकार मान्य केला आणि पुढे मतदारसंघांच्या पुनर्रचनेत एरंडोल हे नावही लोकसभेच्या नकाशावरून गेले. त्या प्रकरणाची चर्चा आपल्याकडे पक्षाच्या आणि पैशाच्या अंगाने भरपूर झाली. मला मात्र तेव्हापासून एक वेगळीच गोष्ट खटकत आली आहे. आपल्या प्रतिनिधींच्या नावावर कोणते प्रश्न दाखल होतात, हे जिल्ह्यात कोणी पाहतच नव्हते. ज्या वस्तूवर मालकाची नजर नाही, ती विकणे सोपे जाते.

आणि ही वस्तू दुर्मीळ आहे. लोकसभेत एका दिवसासाठी जास्तीत जास्त २० तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठीचे, आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. त्यासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, प्रत्येक खात्याचे वार ठरलेले असतात आणि कोणाचा प्रश्न यादीत वर येणार हे सोडतीने ठरते. एका सदस्याच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. तारांकित प्रश्नाचे छापील उत्तरही खात्यातले अधिकारीच तयार करतात. परंतु त्यानंतर सभागृहात जो उपप्रश्न येतो, तो मंत्र्याला आधी ठाऊक नसतो. अधिकारी दीर्घेत बसून चिठ्ठ्या पाठवतात हे खरे, तरी उभे राहून बोलावे लागते ते मंत्र्यालाच, आणि विषय त्याला किती कळला आहे हे त्या दोन मिनिटांत साऱ्या सभागृहाला दिसते. सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात महासाथीचे कारण देऊन प्रश्नोत्तरांचा तास रद्द झाला आणि केवळ लेखी उत्तरे चालू राहिली. उत्तरे मिळतच होती, मग बिघडले काय, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. बिघडले ते हेच, की उपप्रश्न गेला.

१९५७ चे मुंदडा प्रकरण अशाच प्रश्नांतून वर आले. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले होते. त्याविषयी प्रश्न आले, अर्थखात्याची उत्तरे अपुरी वाटली, फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरून तो विषय लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांच्याकडे चौकशी सोपवली गेली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला विचारण्याचे ते धाडस आज कोणत्याही पक्षात शोधून पाहावे. समाजवादी नेते मधु लिमये हेही नाव इथे आठवते. १९४० साली युद्धविरोधी भाषणांसाठी अटक झाल्यावर ते धुळ्याच्या तुरुंगात होते. पुढे बिहारमधून लोकसभेत गेले आणि नियमांचे पुस्तक हाती घेऊन मंत्र्यांना कसे अडवावे, याचा वस्तुपाठच त्यांनी घालून दिला.

नियम माहीत नसले की प्रश्न फुकट जातो. लोकसभेच्या प्रश्नात १५० पेक्षा अधिक शब्द चालत नाहीत. आरोप, अनुमान, उपरोध यांना त्यात जागा नाही. आणि विषय मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो. तापीवरचे पाडळसे धरण का रखडले, असे सरळ दिल्लीत विचारले तर पाणी हा राज्याचा विषय असल्याचे सांगून मंत्री मोकळे होतील. तो प्रश्न विधानसभेत विचारायचा. दिल्लीत विचारायचे ते केंद्रीय अर्थसाहाय्याचे आणि मंजुऱ्यांचे. विधानसभेतही ‘हे खरे आहे काय’ या साच्यात एखादा तपशील चुकला, तर ‘हे खरे नाही’ आणि पुढच्या साऱ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर बोळवण होते. पहिल्या भागात तारीख चुकली, एवढ्यावरही अख्खा प्रश्न बाद होऊ शकतो.

‘बाब विचाराधीन आहे’ हे उत्तर मात्र वाटते तितके पोकळ नाही. अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जातात, ती साधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. उत्तर आल्यावर तीन महिन्यांनी त्याची आठवण खासदाराला करून देणारा कोणी मतदारसंघात असेल, तरच या तरतुदीचा आपल्याला उपयोग.

मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाचे उदाहरण घ्या. दोन-तीन पिढ्यांनी या मार्गाच्या केवळ घोषणा ऐकल्या. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला १८,०३६ कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली आणि २०२८-२९ पर्यंत तो पूर्ण होईल असे सांगितले. आता ‘मार्ग कधी होणार’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर छापून तयार आहे. आमच्या खासदारांकडे पाठवण्यासाठी मी केलेला मसुदा असा आहे: रेल्वेमंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय: (अ) मनमाड–इंदूर नव्या रेल्वेमार्गासाठी धुळे जिल्ह्यात एकूण किती हेक्टर जमीन लागणार असून त्यांपैकी किती जमिनीचा ताबा आजपर्यंत मिळाला आहे, तालुकानिहाय, (ब) मंजुरीनंतरच्या प्रत्येक आर्थिक वर्षात किती निधीची तरतूद झाली व प्रत्यक्षात किती खर्च झाला, (क) कोणत्या टप्प्यांच्या निविदा निघाल्या व कोणत्या टप्प्यांवर काम सुरू झाले, आणि (ड) काम सुरू झाले नसल्यास, विलंबाची टप्पानिहाय कारणे काय आहेत?