लँबो फील्डवरची उणे अठरातली रात्र: जाणार असाल तर आधी हे वाचा

आकाश निरभ्र दिसलं तर घाबरा. बर्फ पडत असेल तर बिनधास्त जा. जानेवारीत अमेरिकेतल्या ग्रीन बेला, पॅकर्स टीमच्या लँबो फील्ड या उघड्या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला निघणाऱ्या प्रत्येकाला मी आता सगळ्यात आधी हेच सांगणार आहे, कारण आमची फसगत नेमकी इथेच झाली.

१२ जानेवारी २००८ ला पॅकर्स आणि सिॲटलची मॅच घरी टीव्हीवर पाहिली होती. भुरुभुरु बर्फ पडत होता, मैदान पांढरं झालं होतं, आणि पॅकर्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ब्रेट फार्वनं आपल्याच टीममधल्या डोनाल्ड ड्रायव्हरला बर्फाचा गोळा फेकून मारला. पॅकर्स ४२-२० नं जिंकले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या जायंट्सनी टेक्सासमधल्या डॅलसला हरवलं आणि एनएफसीची, म्हणजे लीगमधल्या एका गटाची फायनल टेक्सासऐवजी ग्रीन बेला आली. ती जिंकणारी टीम सुपर बोल या शेवटच्या सामन्यात जाते. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या घरी दोन पिढ्यांपासून सीझन तिकिटं आहेत. त्याला जमणार नव्हतं, म्हणून त्यानं छापील किमतीत दोन मला दिली. "लेअर्स घाल, मजा येते," एवढाच सल्ला त्यानं दिला. मीही तो बर्फातला खेळ डोळ्यांसमोर ठेवूनच तयारी केली. पण त्या बर्फाच्या दिवशी तिथलं तापमान शून्य सेल्सिअसच्या आसपास होतं. ढग पांघरुणासारखे असतात, जमिनीची ऊब धरून ठेवतात. २० तारखेला, फायनलच्या दिवशी, ढगाचा एक ठिपका नव्हता. दुपारी लख्ख ऊन पडलेलं, आणि मॅच सुरू झाली तेव्हा पारा उणे १ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १८ सेल्सिअस. वाऱ्यासकट अंगाला जाणवणारी थंडी उणे ३० सेल्सिअसच्या घरात.

सोबत धाकटा मेहुणा होता. सहा महिन्यांपूर्वीच प्रोजेक्टवर आलाय, मूळचा नाशिकचा. निघताना मी त्याला आणखी एक टोपी घे म्हटलं, तर म्हणाला, "दाजी, निफाडच्या थंडीत वाढलोय मी." निफाडची थंडी खरी असते हे मला मान्य आहे. पण तिथे पारा चार-पाचवर आला की पेपरात बातमी येते. इथे त्याच्याही बावीस-तेवीस अंश खाली बसायचं होतं, तेही साडेतीन तास, न हलता, ॲल्युमिनियमच्या बाकावर.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून मिलवॉकी आणि तिथून आय-४३ महामार्गानं सरळ वर. थांबे धरून चार तास लागतात, रस्ता मोकळा असतो. शनिवारी मिलवॉकीत राहिलो, छान गेला दिवस, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी असल्यामुळे रविवारची रात्रही बाहेर काढता येणार होती. मोटेलवाल्यानं त्या एका रात्रीचे नेहमीच्या जवळजवळ तिप्पट घेतले. गावात खोल्या कमी आहेत आणि फायनल आठवडाभर आधी ठरते, त्यामुळे याला इलाज नाही. मात्र तासभर लांबच्या गावात राहून रात्री गाडी चालवायचा विचार करू नका. का ते पुढे कळेल.

आता पार्किंग. लँबो फील्ड गावाबाहेर नाही, वस्तीच्या मधोमध आहे. आजूबाजूच्या घरांतले लोक आपल्या अंगणात पैसे घेऊन गाड्या लावू देतात. ही पद्धत जुनी आहे, आणि बहुतेक लोक सरळ आहेत. आम्हाला भेटलेला माणूस तसा नव्हता. हातात पाटी घेऊन उभा होता. चाळीस डॉलर मागितले आणि म्हणाला, स्टेडियम पाच मिनिटांवर. आम्हाला चालायला बावीस मिनिटं लागली. वाटेत दोन गल्ल्या पुढे वीस डॉलरच्या पाट्या लागल्या, अर्ध्या अंगणांत जागा शिल्लक होती. वीस डॉलर जास्त गेले त्याचं एवढं नाही. पण "पाच मिनिटं" हे खोटं त्या थंडीत साधं राहत नाही. पाच मिनिटांवरच गाडी आहे या भरवशावर आम्ही जास्तीचे मोजे आणि दुसरी चादर गाडीत ठेवून गेलो. मध्येच जाऊन आणता येईल असं वाटलं होतं.

म्हणून हे लिहून ठेवा. पैसे देण्याआधी स्टेडियमचे दिवे डोळ्यांनी दिसताहेत का बघा. आणि वारा कुठून येतोय ते बघा. जाताना वारा तोंडावर घ्या म्हणजे येताना तो पाठीवर येईल. आमचं उलटं झालं. जाताना वारा मागून ढकलत होता, त्यामुळे चालणं सोपं वाटलं आणि आम्ही बेसावध राहिलो.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास काहीच जाणवलं नाही. बहात्तर हजार माणसं, हिरवा-पिवळा समुद्र, आणि थंडीत आवाजही वेगळा येतो, टाळ्या वाजत नाहीत, हातमोज्यांचा धप धप असा आवाज होतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये (मॅचचे असे चार भाग असतात) फार्वनं ड्रायव्हरला दिलेला पास नव्वद यार्डांचा झाला, तेव्हा तर मी थंडी साफ विसरलो होतो. हाच धोका आहे. थंडी आधी पायांत शिरते, आणि ओरडणाऱ्या माणसाचं पायांकडे लक्ष नसतं.

मी दोन जाड मोजे घालून नेहमीचे बूट कोंबले होते. चूक. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही, आणि पाय गरम ठेवायला बुटात घालतात त्या तापणाऱ्या पुड्यांना हवा लागते, घट्ट बुटात त्या नुसत्या पडून राहतात. बूट एक नंबर मोठा हवा, मोजा एकच पण लोकरीचा. पुड्या वीस मिनिटं आधी फोडून खिशात गरम होऊ द्या, मग बुटात घाला.

शेजारी एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, अंगात हरणाच्या शिकारीला घालतात तो भगभगीत नारिंगी जाड पोशाख. त्यांच्या पायाखाली खोक्याचा पुठ्ठा होता, दुहेरी घडी घातलेला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, काही न बोलता आपल्या पुठ्ठ्याची एक घडी फाडली आणि माझ्या पायाखाली सरकवली. दहा मिनिटांत फरक कळला. खालचं काँक्रीट पायातली ऊब शोषून घेतं, पुठ्ठा ते थांबवतो. एवढ्या महागड्या जॅकेटपेक्षा त्या रात्री मला त्या फुकटच्या पुठ्ठ्यानं जास्त वाचवलं. दोन न्या, एक पायाखाली आणि एक बुडाखाली. बाकाला पाठ नाही आणि तो धातूचा आहे, हे विसरू नका.

हाफटाइमनंतर त्याच आजोबांनी मेहुण्याकडे बोट दाखवलं. त्याच्या डाव्या गालावर आठ आण्याच्या नाण्याएवढा पांढरट ठिपका होता. मेणासारखा. त्याला स्वतःला काही कळत नव्हतं, दुखतही नव्हतं. आजोबांनी हातमोजा काढून आपला उघडा तळवा त्याच्या गालावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला, दोन-तीन मिनिटं. चोळायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. चोळलं तर कातडीला आणखी इजा होते. रंग परत आला तेव्हा मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकं झोंबलं त्याला. दोघांनी जा, आणि दर दहा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघा. एकट्यानं अशा मॅचला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. बिअरनं ऊब येते हाही भ्रम आहे. अंगातली ऊब उलट बाहेर पडते, आणि बिअरचा तर गोळाच होतो ग्लासात.

तिसरा क्वार्टर सगळ्यात वाईट. उत्साह ओसरलेला, पाय बधिर, आणि अजून तास-दीड तास बाकी. कॅमेऱ्याची बॅटरी त्यातच गेली. ती आतल्या खिशात अंगाजवळ ठेवायला हवी. माझ्या चष्म्यावर श्वासाची वाफ गोठली. मफलर नाकाच्या खाली ठेवला तर नाक जातं, वर ठेवला तर चष्मा जातो. चष्मेवाल्यांनी स्कीइंगचा गॉगल न्यावा, दुसरा उपाय मला दिसला नाही.

याच क्वार्टरमध्ये माझ्या डोक्यात तो प्रश्न पक्का बसला, जो आठवडाभर टीव्हीवर चघळला जात होता: इतकी मोठी मॅच अशा थंडीत उघड्यावर खेळवावी का?

मैदानावर बघितलं तर खेळाडूंचे बाक गरम केलेले, बाजूला गरम हवेचे झोत, मैदानाच्या खालीही गरम नळ्या. जायंट्सचे कोच टॉम कॉफ्लिन यांचे गाल भाजल्यासारखे लाल झाले होते हे खरं, पण खेळ बिघडला नव्हता. जायंट्सच्या प्लॅक्सिको बरेसनं अकरा पास झेलले, १५१ यार्ड. थंडीत सगळं नशिबावर जातं म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. जायंट्सच्याच लॉरेन्स टाइन्सनं चौथ्या क्वार्टरमध्ये गोल पोस्टमधून मारायच्या दोन किक चुकवल्या, ४३ आणि ३६ यार्डांच्या. चेंडू दगडासारखा झाला होता हे कारण असेलही. पण मग त्यानंच ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळात) ४७ यार्डांवरून, सगळ्यात लांबची, गोल पोस्टच्या मधून काढली. फार्वचा पास जायंट्सच्या कोरी वेबस्टरनं पकडल्यानंतर ही संधी आली होती. जायंट्स २३-२० नं जिंकले. स्टेडियममध्ये अशी शांतता पसरली की लांबवर नाचणाऱ्या जायंट्सच्या खेळाडूंचे आवाज आमच्यापर्यंत येत होते.

तेव्हा खेळ उघड्यावरच व्हावा. ज्या टीमनं हंगामभर खेळून घरचं मैदान मिळवलं, तिला तिचं हवामानही मिळायला हवं. सुपर बोल वेगळा आहे, तो सहसा कुणाच्याच घरी नसतो, आणि २००८ पर्यंत तो थंड प्रदेशात नेला तेव्हा छपराखालीच नेला: १९८२ ला पाँटियॅक, १९९२ ला मिनियापोलिस, २००६ ला डेट्रॉइट. उघड्यावरचा सगळ्यात थंड सुपर बोल १९७२ चा न्यू ऑर्लिन्सचा, तोही ३९ फॅरनहाइटला, म्हणजे जेमतेम ४ सेल्सिअस. ३ फेब्रुवारी २००८ चा सुपर बोल जायंट्स पेट्रियट्सशी ॲरिझोनात खेळले, तिथेही छप्पर आहे. ते तसंच राहू द्यावं. पण लँबोवर छप्पर घालायची भाषा कुणी करू नये.

माझी तक्रार वेळेबद्दल आहे. ही मॅच संध्याकाळी साडेपाचनंतर सुरू झाली. जानेवारीत तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे बहात्तर हजार लोकांना सगळा वेळ अंधारात बसवलं, कारण देशभर टीव्हीवर ती वेळ सोयीची. याच मैदानावर ३१ डिसेंबर १९६७ ला पॅकर्स-डॅलस ही एनएफएल लीगची फायनल झाली, उणे १३ फॅरनहाइट म्हणजे उणे २५ सेल्सिअसमध्ये. रेफ्रींच्या शिट्ट्या गोठल्या होत्या. हाफटाइमला वाजवायला आलेल्या बँडची वाद्यं गोठली आणि त्यातल्या काही मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मैदान गरम ठेवायची यंत्रणाही त्या दिवशी कामी आली नाही. शेवटची सोळा सेकंद उरली असताना पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे घुसला, पॅकर्स २१-१७ नं जिंकले. ती गोष्ट सगळे अभिमानानं सांगतात, पण ती मॅच दुपारी एकला सुरू झाली होती. निदान डोक्यावर सूर्य होता. तरी प्रेक्षकांतला एक जण दगावला. एवढं माहीत असूनही चाळीस वर्षांनी अशी फायनल रात्री ठेवतात, याचा मला राग आहे. चर्चा कायम खेळाडू आणि चेंडूची होते. बाकावरच्या माणसाचं कुणी विचारतच नाही, आणि बाक काही गरम केलेले नसतात.

परत येतानाची चाल मी विसरणार नाही. ओव्हरटाइममुळे नऊ वाजून गेले होते. वारा आता थेट तोंडावर. पाय आहेत हे फक्त बघून कळत होतं. हरलेल्या गावातले लोक न बोलता चालत होते, सगळ्यांचे बूट बर्फावर करकर वाजत होते. बावीस मिनिटांच्या त्या वाटेला पस्तीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा मेहुणा थांबला आणि म्हणाला, "दाजी, जरा बसू या ना." बसायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी बसायचं नाही. मी त्याला दंडाला धरून चालवत आणला. गाडीपाशी आलो तर कुलूप गोठलेलं, रिमोटही मेलेला. किल्ली मुठीत धरून गरम करत दार उघडलं, त्यात आणखी पाच मिनिटं गेली. ती किल्लीही बॅटरीसारखी आतल्या खिशातच ठेवा.

गाडीत सकाळी भरलेला चहाचा थर्मास होता. कोमट झाला होता, पण तसा चहा मी आजवर प्यायलेलो नाही. पाय लगेच हीटरसमोर धरू नका. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. मोटेलवर जाऊन कोमट पाण्याच्या टबात ठेवा, अर्धा तास. दुखेल, दुखू द्या. त्या अवस्थेत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पायाला कळत नव्हते. मोटेल दहा मिनिटांवर होतं म्हणून निभावलं. जवळच राहा म्हणालो ते यासाठी, तिप्पट पैसे गेले तरी.

मेहुण्याच्या उजव्या पायाची दोन बोटं अजून मुंग्या आल्यासारखी आहेत. डॉक्टरांनी पाहिली, काळी पडलेली नाहीत, काही आठवडे लागतील म्हणाले. पुढच्या जानेवारीत फायनल पुन्हा तिथे आली आणि तिकिटं मिळाली तर आम्ही दोघं जाणार आहोत, पुठ्ठे घेऊन. रात्रीची वेळ असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर मात्र मी घरीच बसेन, त्यालाही जाऊ देणार नाही.